खुब्याची तारीख

आमच्या हाडांच्या डॉक्टरांचा आवाज इतका मऊ आहे की ते रागावले तरी समोरच्याला कळत नाही. त्या दिवशी त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर उचललं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "कधी करायचं ते तुम्ही ठरवा, सर."

नोव्हेंबर महिना होता, दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मी सत्तेचाळीस वर्षांचा. पनवेलच्या एका शाळेत चोवीस वर्षं पीटी शिकवतोय आणि त्याआधी गावच्या संघातून कबड्डी खेळलोय. आमच्या भागात मुलगा चालायला लागला की त्याला मैदानातच सोडतात, त्यामुळे त्यात माझं कौतुक काही नाही. पण उजव्या खुब्याने त्या सगळ्याचा हिशेब चुकता करायचं ठरवलं होतं. वर्षभर जांघेत कळ येत होती आणि मी ती स्नायूवर ढकलत होतो. पीटीच्या मास्तरला सगळं स्नायूंचंच वाटतं. एक्स-रे काढला तेव्हा कळलं की सांध्यातली गादी संपली आहे आणि हाडावर हाड घासतंय.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं, ते कमरेच्या खोबणीत फिरतं. माझं ते टोक अजून धड होतं. ते कापून न टाकता नुसतं वरून तासायचं, त्यावर धातूची टोपी बसवायची आणि खोबणीत धातूची वाटी. याला रिसरफेसिंग म्हणतात. स्वतःचं हाड राहतं, माणूस मांडी घालून बसू शकतो, उकिडवा बसू शकतो, जपून पळूही शकतो. "तुमच्यासारख्या खेळणाऱ्या माणसाला हेच बरं," ते म्हणाले. "पण हाड चांगलं असेल तरच. आत पोकळ्या पडल्या, गोळा खचला, की टोपीला धरायला काही राहत नाही. मग गोळा कापून, मांडीच्या हाडात धातूचा दांडा घालून पूर्ण सांधा बसवावा लागतो. तोही उत्तम चालतो, फक्त जमिनीवर बसणं, उड्या मारणं मी करू देणार नाही."

"मग लगेच करून टाकू," मी म्हणालो.

"करा की. पण धातूलाही आयुष्य असतं. जितकं लवकर कराल तितकं म्हातारपणी परत उघडायची वेळ येण्याची शक्यता जास्त. दुखणं सहन होत असेल तर थोडं थांबलं तरी चालेल."

"थोडं म्हणजे किती?"

"ते मी सांगू शकत नाही. हाड सांगेल."

मला खरं सांगायचं तर त्यांचा संताप आला. चोवीस वर्षं मी मैदानावर शिट्टी वाजवून कोण बाद आणि कोण आत ते सांगत आलोय. पोरं भांडतात, आईबाप भांडतात, मी निर्णय फिरवत नाही. आणि इथे शिकलासवरलेला माणूस माझ्याच पायाचा निर्णय माझ्यावर टाकून मोकळा होत होता. शेजारच्या खुर्चीत बायको बसली होती. तिने कॅलेंडर स्वतःकडे ओढलं आणि डिसेंबरच्या पानावर बोट ठेवलं. "हा महिना घ्या," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "डिसेंबरात केलं तर जूनपर्यंत वजन उचलायचं नाही. वर्षभर पळायचं नाही. तेवढं पाळा."

जूनपर्यंत वजन उचलायचं नाही, हे ऐकलं आणि मी डिसेंबरवर काट मारली. बायकोला तेव्हाच कळलं होतं की माझ्या डोक्यात कोण आलं.

माझी एकच बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला उरणकडच्या, करंजा बंदराजवळच्या गावात दिली. भावजी अकाली गेले तेव्हा तिची मुलगी चौथीत होती. ताईने मासळी सुकवून, विकून तिला शिकवलं, आणि त्या मुलीचं लग्न आता फेब्रुवारीत ठरलं होतं. मुलगा मोठ्या मालवाहू बोटीवर नोकरीला. आमच्याकडे नवरी चालत मंडपात येत नाही. भटजींनी हाक दिली की मामा तिला दोन्ही हातांवर उचलतो आणि अंतरपाटापर्यंत आणतो. ताईला आमच्या मामाने असंच आणलं होतं, मी तेव्हा पाटाजवळ उभा राहून पाहिलंय. मामा असून नवरी चालत आली, तर गाव समजतं की भाऊबहिणीचं काहीतरी बिनसलंय. बाप नसलेल्या मुलीला तर मामाच सगळं. मी एकुलता एक मामा.

"ताईंना सांगा ना," बायको म्हणाली. "त्या काही नाही म्हणायच्या नाहीत."

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो. "फेब्रुवारीत लग्न, मार्चमध्ये ऑपरेशन. तेवढ्यात काय हाड विरघळतंय?"

तिने डॉक्टरांचं बोलणं स्वतःच्या कानाने ऐकलं होतं. म्हणून मी तिला माझी शपथ घातली, की ताईला यातलं काही सांगायचं नाही. तिने शपथ पाळली. तेव्हा मला ती आज्ञाधारक वाटली, आता वाटतं की एकदा तरी मोडायला हवी होती.

जानेवारीत नवऱ्या मुलाचा निरोप आला. त्याच्या जागी जाणारा माणूस बोटीवर पोचलाच नव्हता, त्यामुळे त्याची सुट्टी पुढे गेली. लग्न एप्रिलअखेरीस करू. मी मनातल्या मनात माझी तारीख मेमध्ये सरकवली. एप्रिलमध्ये बोट भलत्याच बंदरात अडकली आणि लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलं. जूनमध्ये मुलगा आला, पण तोवर मुलाच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि पुढे चातुर्मास. मुहूर्त एकदम तुळशीच्या लग्नानंतरचा. मुलगा परत बोटीवर गेला. दर वेळी "आता दीड महिनाच राहिला" असं मी बायकोला सांगायचो आणि दर वेळी ते खरंच असायचं. सहा महिन्यांची सलग मोकळीक कुठेच मिळत नव्हती. म्हणजे मिळाली होती, जूनपासून डिसेंबरपर्यंतची, पण ती मला मागे वळून पाहताना दिसली. जूनमध्ये मी हिशेब केला की ऑपरेशन करून उठेपर्यंत डिसेंबर येईल आणि ऐन वेळी पाय कच्चा राहिला तर काय. हा हिशेब मी डॉक्टरांना विचारून केला नव्हता. डॉक्टरांकडे गेलोच नव्हतो.

तोवर माझा पाय शाळेचा विषय झाला होता. गणिताच्या बाईंनी मेथीचे लाडू दिले. शिपायाने कळंबोलीच्या पुढच्या एका हाडवैद्याचा पत्ता दिला, जो म्हणे नुसत्या अंगठ्याने खुबा जागेवर बसवतो. माझा खुबा जागेवरच होता, तो हलतच नव्हता हीच तर अडचण होती. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, माझ्या सासऱ्यांनी दहा वर्षं काढली तशीच." ते सासरे आता कुठे आहेत हे विचारायची हिंमत मला झाली नाही. सगळ्यांचा सल्ला एकच असायचा की सहन होतंय तोवर हात लावू नका. आणि सहन होत होतं. हेच वाईट होतं. माणूस सहन करण्याला रोज थोडा सरावतो. ऑगस्टमध्ये मी उजव्या पायात मोजा घालणं सोडलं, कारण पायापर्यंत हात पोचेना. मग बायको घालायला लागली. ती खाली बसायची, मोजा घालायची, बूट चढवायची, लेस बांधायची आणि डबा भरायला निघून जायची. मी खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचो. इतकी लाज मला कुठल्या हरलेल्या सामन्यातही वाटली नाही.

गणपतीला ताई आली. पूजेला मी पाटावर बसलो नाही, उभ्यानेच केली. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पाय लय दुखतो काय रं?" तिने विचारलं.

"नाय गं. वयाचं असतं."

"डागतर काय बोलला?"

"घाई नाय बोलला. कधी केलं तरी चालंल."

स्वयंपाकघराच्या दारात बायको मोदकांचं ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. ताई म्हणाली, "मग ठीक हाय," आणि बाकी काही विचारलं नाही. मी खोटं बोललो होतो आणि ते इतकं सहज पचलं की मला हलकं वाटलं. त्यात दुसरीही एक गोष्ट होती, जी मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती. मला ऑपरेशनची भीती वाटत होती. आयुष्यात कधी दवाखान्यात राहिलो नाही. माझं हाड उघडं करून कोणीतरी त्याच्यावर हातोडी चालवणार, हे डोळ्यांपुढे आलं की मी उठून दुसऱ्या कामाला लागायचो. भाचीचं लग्न नसतं तर मी दुसरं काही शोधलं असतं. लग्नाचं निमित्त मिळालं म्हणून बरं झालं, मोठेपणाही मिळाला.

डिसेंबरात एकदाचं लग्न लागलं. दुपारचा मुहूर्त, उरणच्या रस्त्यावरचा मोठा हॉल, बाहेर बॅन्जो. मी सकाळी दोन गोळ्या घेतल्या होत्या आणि हॉलवर पोचल्यावर तिसरी. नवरीच्या खोलीच्या दारापासून स्टेजपर्यंत किती पावलं पडतात ते मी आधीच चालून मोजून आलो. एकतीस. वर स्टेजच्या चार पायऱ्या. पायऱ्यांना कठडा नव्हता.

भटजींनी माइकवर हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." भाची हिरवा चुडा घालून, मुंडावळ्या बांधून उभी होती. मी वाकलो तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, मी चालते ना. तू नुसता हात धर. कोन काय बोलत नाय."

"गप," मी म्हणालो. "पडू नाय देनार."

मी तिला उचललं. तिचं वजन काही फार नव्हतं, पण उजवा पाय पुढे टाकला की जांघेत कोणीतरी पाचर ठोकत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. घरातली पोरंसोरं, चुलतभाऊ, गावातली म्हातारी माणसं, सगळे बघत होते आणि मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटत होता. एकतीस पावलं झाली, चार पायऱ्या झाल्या. मी तिला अंतरपाटाशी उतरवलं. अजून उभा होतो.

तेवढ्यात व्हिडिओवाला पुढे आला. "मामा, सॉरी. पायऱ्यांवर मधे कोणीतरी आलं, तुमचा चेहराच नाही आला. एकदा परत घेऊ या? फक्त पायऱ्या."

भटजींनी घड्याळ पाहून मान हलवली, दोन मिनिटं होती. आता त्या क्षणी मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणायला काहीही लागत नव्हतं. भाची नाही नाही म्हणत होती. पण सगळ्यांचे मोबाइल वर झाले होते आणि मी हसत हसत तिला पायऱ्यांखाली घेऊन गेलो आणि पुन्हा उचललं. तिसऱ्या पायरीवर आत काहीतरी कच्चकन झालं. मी थांबलो नाही. त्या व्हिडिओत माझा चेहरा छान आलाय, सगळे म्हणतात मामा किती खूश दिसतोय.

जानेवारीत मी डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा कुबडी घेऊन गेलो होतो. नवीन एक्स-रे त्यांनी लाइटसमोर धरला, जुना शेजारी लावला. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "गोळा वरून खचलाय. इथे आणि इथे पोकळ्या आहेत. टोपी बसणार नाही, सर."

"एकदा प्रयत्न?"

"प्रयत्नाचं हे काम नाही. सहा महिन्यांत टोपी सुटेल आणि मी तुम्हाला परत कापेन. पूर्ण सांधाच बदलू."

मी त्यांना लग्नाचं सांगितलं. एकतीस पावलं, पायऱ्या, दुसऱ्यांदा, कच्चकन आवाज, सगळं. मला वाटतं मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं की त्या दिवशीच झालं. त्या पायरीवर झालं. म्हणजे निदान एका चांगल्या कारणासाठी हाड गेलं असं म्हणता आलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"त्याने दुखणं वाढलं असेल. पण या पोकळ्या एका दिवसात होत नाहीत. उन्हाळ्यातच सुरुवात झाली असणार, किंवा पावसाळ्यात. तुम्ही मधे आलाच नाहीत, त्यामुळे मला सांगता येणार नाही."

"जूनमध्ये आलो असतो तर?"

"कदाचित," ते म्हणाले. "कदाचित जूनमध्येही नसतं जमलं. खरंच माहीत नाही."

मला कोणाला तरी दोष द्यायचा होता. बोटीला दिला, चातुर्मासाला दिला, त्या व्हिडिओवाल्याला तर मनातल्या मनात रोज चोपलं. पण दार नक्की कुठल्या दिवशी बंद झालं तेच कोणी सांगू शकत नव्हतं. एखाद्या मंगळवारी मी कुठेतरी नाश्ता करत असेन आणि तेव्हा झालं असेल. चोवीस वर्षांची शिट्टी माझ्या गळ्यात होती आणि सामना संपल्याचं मला वर्षभराने कळलं. बाहेर आल्यावर बायकोने माझा हात धरला. ती "मी सांगत होते" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

ताईला मग तिनेच फोन केला. शपथ आता कशाला पाळायची होती? दुसऱ्या दिवशी ताई पनवेलला आली, पिशवीत सुके बोंबील आणि जवळा घेऊन. आली ती थेट हॉलमध्ये फरशीवर वर्तमानपत्र पसरून जवळा निवडायला बसली. आमच्याकडे कोणी आलं की हात रिकामे ठेवून बोलत नाही. मी समोर उंच खुर्चीवर होतो, खाली उशी घेऊन.

बराच वेळ तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग जवळ्यातला कचरा बाजूला काढत म्हणाली, "डागतरनं आधीच सांगितलेलं व्हतं?"

"हां."

"मागच्याच्या मागच्या दिवाळीलाच?"

"हां."

"आनि तू मला गनपतीत बोललास, घाई नाय."

मी अंगाखालची उशी सरकवली.

"अरं, तिच्या सासरी ही रीतच नाय," ताई म्हणाली. "ती लोकं घाटावरची. त्यांच्यात नवरी चालतच येते. तिची सासू मला सुपारी फुटली तवाच बोललेली, मामाला कशाला तरास, हात धरून आनू द्या. मी पोरीला पन सांगून ठेवलेलं, मामा वाकला तर तूच बोल, चालते म्हनून. फक्त तुझ्यापुढं मी बोलले नाय. मला वाटलं तुला वाईट वाटंल. बाप नाय म्हनून मामा हौशेनं करतोय, त्याला कशाला नाय म्हना."

तिचे हात थांबले होते. चिमटीतला जवळा तसाच धरून ती वर्तमानपत्राकडे बघत होती.

"तू माझ्यासाठी पाय घालवलास," ती म्हणाली, "आनि मला नको व्हता रं तो."

मग ती रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. भावजी गेले तेव्हा ती अशी रडली होती, त्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला तिला सांगायचं होतं की नुसतं तुझ्यासाठी नाही, मी घाबरलो होतो, तुझा यात काही दोष नाही. ते मी म्हणालो. कितीही वेळा म्हणालो तरी ती मान हलवत राहिली. तिला ते माझं आणखी एक खोटं वाटत होतं.

मला खाली तिच्याशेजारी बसायचं होतं. लहानपणी तिला कोणी ओरडलं की मी जाऊन तिला चिकटून बसायचो, तेवढंच. मी खुर्चीच्या हातावर जोर दिला, डावा गुडघा वाकवला, उजवा पाय सरकवून पाहिला. तिने हात वर करून मला थांबवलं. "नको, नको, बस वर," ती रडतच म्हणाली. ती एवढी जवळ वाटत होती की हात लांब केला तर तिच्या डोक्याला लागेल. मी लांब केला. वीतभर कमी पडला.